विद्यार्थी असताना परदेशात गरीब मुलांसाठी स्वयंसेवक म्हणून काम करायला जावं का?

तुम्ही लिहिलंय की वय एकोणीस आहे, कॉलेजची सुट्टी येतेय आणि एक एजन्सी पैसे घेऊन परदेशातल्या अनाथाश्रमात दोन आठवडे मुलांना शिकवायला पाठवणार आहे. माझं मत सरळ सांगते: परदेशात जरूर जा, पण अनाथाश्रमात जाऊ नका.

हे ऐकायला निष्ठुर वाटतं, पण कंबोडियाचं उदाहरण बघा. २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथल्या अनाथाश्रमांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. त्याच काळात पर्यटकही वाढत होते. या आश्रमांतल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांचे आई-वडील, निदान दोघांपैकी एक तरी, हयात असल्याचं युनिसेफने पुढे आणलं. गावात दलाल येतो, 'शहरात शाळा मिळेल, दोन वेळचं जेवण मिळेल' असं सांगतो, आई-बाप विश्वासाने पोर त्याच्या हवाली करतात, आणि ते पोर पाहुण्यांसमोर अनाथ म्हणून उभं राहतं. नेपाळमध्ये बालगृहं कुठे एकवटलीत? काठमांडू, ललितपूर, पोखऱ्याच्या आसपास, म्हणजे जिथे परदेशी माणूस पोचतो तिथेच. २०१५ च्या भूकंपानंतर परवानगीशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला तिथल्या सरकारने बंदी घातली, ती याच भीतीने. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला तेव्हा अनाथाश्रमांसाठी मुलं अशी आणण्यालाही गुलामगिरीचा प्रकार मानलं. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या पर्यटनातून आणि स्वयंसेवेतून होणाऱ्या हानीला आळा घालायला सांगितलं. तुमचा हेतू चांगलाच आहे, पण हा बाजार चांगल्या हेतूंवरच चालतो.

सगळेच आश्रम असे नसतात, मान्य. पण प्रामाणिक आश्रमातही अडचण उरतेच. आल्या आल्या अनोळखी पोरं गळ्यात पडतात, हात सोडत नाहीत, आणि आपण विरघळतो. ज्या मुलाच्या आयुष्यात एकही माणूस टिकलेला नाही, ते मूल कुणाच्याही गळ्यात पडायला शिकतं. रुमानियातल्या संस्थांमध्ये वाढलेल्या मुलांवर बरंच संशोधन झालंय, त्यात हे वागणं ठळकपणे नोंदलेलं आहे. दोन आठवड्यांनी आपण रडत निरोप घेतो, सोमवारी नवीन तुकडी येते. मुलासाठी तो आणखी एक निरोप.

मग करायचं काय? मी विद्यार्थिनी असताना परदेशातल्या एका शाळेत मदतीला होते. तिथली भाषा येत नव्हती, त्यामुळे शिकवण्याचा प्रश्नच नव्हता. वर्गावर तिथल्याच बाई असायच्या. मी मागच्या बाकावर बसून वजाबाकीच्या वह्या तपासायचे, खोक्यांचे पुठ्ठे कापून अक्षरांची कार्डं बनवायचे. एक मुलगा हातचा घेतल्यावर वरचा आकडा खोडायचाच नाही, त्यामुळे प्रत्येक उत्तर दहाने चुकायचं. मला त्याला धड समजावता येईना, म्हणून मी त्याच्या वहीची तीन पानं बाईंना दाखवली. त्यांनी पेन्सिलने वरचा आकडा खोडून बाजूला नवा लिहिला, दोन वाक्यं बोलल्या, आणि काम झालं. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात ती चूक त्यांच्या नजरेला पडायला वेळच नव्हता. परक्या मदतनिसाचा उपयोग असा असतो: जो माणूस तिथे राहणार आहे, त्याचा थोडा वेळ वाचवणं. कार्डं मी निघाल्यावरही कपाटात राहिली असतील. (फोटोत मात्र असलं काम फार मिळमिळीत दिसतं.)

म्हणून कार्यक्रम निवडताना हे बघा की मुलांचा ताबा कुणाकडे आहे. स्थानिक शिक्षक पगारावर आहेत ना, की दर पंधरवड्याला येणारे स्वयंसेवकच शाळा चालवतात? तुमच्या पैशातला किती वाटा शाळेला जातो, हे लेखी विचारा. गोलगोल उत्तर आलं तर समजून जा. आणि एक हमखास कसोटी: ते तुमच्याकडे पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आणि तुम्हाला ओळखणाऱ्यांचे संदर्भ मागतात का? जी संस्था पासपोर्टची प्रत आणि पैसे एवढ्यावर कुणालाही मुलांच्या खोलीत सोडते, तिथे तुमच्याआधी कोणकोण येऊन गेलं असेल याचा विचार करा. मुलाबरोबर एकट्याने बंद खोलीत थांबायचं नाही, हा नियम चांगली संस्था पहिल्याच दिवशी सांगते. सांगितला नाही तर तुम्ही स्वतः पाळा.

फोटोंचं थोडक्यात सांगते. तुमच्या भाच्याचा उघड्या अंगाचा फोटो कुणा परक्याने इन्स्टाग्रामवर टाकला तर चालेल का? नाही ना. मग तिथेही नाही.

दोन आठवडेच असतील तर खरं तर मुलांच्या कामात पडूच नका. ग्रंथालयाची यादी करणं, संस्थेचे हिशेब संगणकावर चढवणं, शिक्षकांना स्प्रेडशीट शिकवणं, अशी कामं मागून घ्या. मुलांबरोबर काम करायचंच असेल तर दोन-तीन महिने काढता येतील तेव्हा जा, आणि निघण्याआधी त्या भाषेतले आकडे आणि 'पुन्हा सांग' एवढं तरी शिकून घ्या.

व्हिसाकडे तुमच्या वयाची मुलं हमखास दुर्लक्ष करतात. 'बिनपगारी आहे, मग पर्यटक व्हिसा चालेल' असं एजन्सीवाले बिनदिक्कत सांगतात. नेपाळमध्ये पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा चालत नाही, थायलंडमध्ये बिनपगारी कामालाही वर्क परमिट लागतं. पकडले गेलात तर दंड तुम्हाला होऊ शकतो. तेव्हा पैसे भरण्याआधी त्या देशाच्या दूतावासाला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.