वॉर्डात काही चुकीचं दिसलं की छातीत धडधडतं, रात्री झोप येत नाही. मी नर्सिंगसाठी कच्ची आहे का?

कच्ची अजिबात नाही. पडदा न ओढताच सिस्टर रुग्णाचं ड्रेसिंग करतायत, तो चादर वर ओढू पाहतोय आणि तुम्ही ट्रे धरून उभ्या आहात. बाकी कुणाला काही वाटत नाही, तुम्हाला खटकतं. हे खटकणं म्हणजेच नैतिक संवेदनशीलता, आणि ती या कामात हवीच.

धडधड मात्र त्यामुळे नाही, गप्प बसावं लागतं म्हणून होते. त्यात तुम्ही विद्यार्थिनी, तुमचे मार्क बहुधा त्याच सिस्टरच्या हातात! योग्य काय ते कळतं, पण व्यवस्थेमुळे करता येत नाही, या कोंडीला तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये 'नैतिक क्लेश' म्हटलं.

पडदा ओढायला कुणाची परवानगी लागत नाही, तो ओढून मोकळ्या व्हा. औषधाचा डोस चुकतोय असं वाटलं तर तिथेच विचारा, "सिस्टर, एकदा चार्ट बघू या का?" प्रश्न विचारला की उद्धटपणा वाटत नाही (बहुतेक वेळा तरी). बाकीचं त्याच दिवशी क्लिनिकल इन्स्ट्रक्टरना (वॉर्डात शिकवणाऱ्या शिक्षकांना) सांगा.

झोप मात्र दोन-तीन आठवडे अशीच उडालेली राहिली तर समुपदेशकाला भेटा. ड्युटीची सवय झाली की जाईल, असं म्हणत थांबू नका.