छंदघर : इंजिनाच्या तोंडाशी चालता कपलर

प्रश्न : माझ्याकडे एचओ मापाचं (खऱ्याच्या १/८७) अमेरिकन 'मिकाडो' वाफेच्या इंजिनाचं मॉडेल आहे. टेंडरमागचा (कोळसा-पाण्याच्या डब्यामागचा) कपलर, म्हणजे डबे जोडणारा आकडा, चालतो, पण पुढे काउकॅचरवर, म्हणजे तोंडाशी असलेल्या जाळीवर, नुसता शोभेचा प्लास्टिकचा आहे. यार्डात पुढूनही डबे जोडायचेत. केडी कंपनीचे ५ आणि १४८ नंबरचे कपलर आणलेत. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, कोरेगाव (सातारा)

उत्तर : ड्रिल बाजूला ठेवा आणि इंजिन रुळावर उभं करा. या कामात पहिली उंची, बाकी सगळं नंतर. रुळाच्या माथ्यापासून कपलरच्या जबड्याच्या मध्यापर्यंत ९.९ मिलिमीटर यायला हवेत. त्यासाठी केडीचा २०५ नंबरचा गेज येतो, तो मागवाच. फूटपट्टीने हे माप नीट लागत नाही. चालत्या गाडीत डबा सुटला की लोक स्प्रिंग बदलत बसतात. दोष बहुतेक वेळा उंचीत असतो.

तुमच्या दोन नंबरांपैकी मी १४८ घेईन. त्याच्या दांड्यालाच दोन बारीक मिशांसारख्या स्प्रिंगा असतात. ५ नंबरची वेगळी पितळी पट्टी पुढच्या अरुंद जागेत बसवताना हात गुंततात.

आता शोभेचा कपलर कापून काढा आणि काउकॅचरची खाच सुई-कानशीने रुंद करा. एका बाजूला दोन घासे, दुसऱ्या बाजूला दोन घासे, मग कपलर ज्यात बसतो ती पेटी लावून बघा. पेटी आत सरकली की पुढची छोटी चाकं हाताने डावी-उजवीकडे पूर्ण फिरवा. चाक पेटीला घासत असेल तर पेटी मागून तासा, चाकाला हात लावू नका.

पेटी फ्रेमला धरणारा स्क्रू मूळचा २-५६ या इंची मापाचा असतो. त्याचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मिळाला नाही तर एम-२ चालतो. एम-२साठी भोक १.६ मिलिमीटरचं, पिन व्हाइसने (बारीक ड्रिल धरायच्या छोट्या मुठीने), हातानेच. मी कुपवाड एमआयडीसीत टूलरूमला आयुष्य काढलं, तिथलीच सवय सांगतो : ओतीव फ्रेममध्ये आटे पाडताना थेंबभर तेल, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. एवढा बारीक टॅप आत तुटला तर निघता निघत नाही. फ्रेममध्ये वीज खेळत असेल तर स्क्रू नायलॉनचा लावा, नाहीतर दोन इंजिनं जोडताच शॉर्ट होईल.

कपलर बसला की बोटाने एका बाजूला ढकलून सोडा. तो आपसूक मध्ये आला पाहिजे. अडखळला तर पेटीत ग्रॅफाइटची पूड टाका. तेल अजिबात नको, धूळ धरतं. पेन्सिलचं शिसंही नको, त्यात चिकणमाती असते. जबड्याला रंग लावू नका. कपलरच्या खालची वाकडी तार रुळाच्या माथ्यापेक्षा जेमतेम पाऊण मिलिमीटर वर ठेवा, नाहीतर सांध्यावर अडकते.

शेवटी सगळ्यात हलका डबा पुढे जोडून तुमच्या सगळ्यात आवळ वळणावरून हळू न्या. मोठ्या इंजिनाचं तोंड वळणावर बाहेर फेकलं जातं आणि डब्याला रुळाबाहेर ओढतं. तसं झालं तर लांब दांड्याचा कपलर घ्या, खाच आणखी रुंद करा. शोभा थोडी जाईल, जाऊ द्या. पुढून डबे घेत शंटिंग करणारं इंजिन बघण्यातलं सुख मोठं आहे.

प्रश्न : माझं मॉडेल डब्ल्यूपी या वाफेच्या इंजिनाचं, आपल्या ब्रॉडगेजचं, हूक आणि बफरवालं. त्यालाही हाच कपलर लावू का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : कपाटात ठेवायचं असेल तर मुळीच नको. खऱ्या गाडीला पॉइंट्समन दोन बफरांमध्ये शिरून स्क्रू कपलिंग आवळायचा. ते हूक त्या इंजिनाच्या चेहऱ्याचा भाग आहे. गाडी चालवायचीच असेल तर हूक तसंच ठेवून पेटी बफर-बीमच्या (बफर बसवलेल्या आडव्या पट्टीच्या) खाली लावा. मात्र जबडा बफरांच्या पुढे आला पाहिजे. किती पुढे, ते वळणावर डबा जोडून ठरवा : आतल्या बाजूचे बफर एकमेकांना टेकता कामा नयेत.