पदवी सोडून जपानी शिकावी का?

जपानी भाषेच्या वर्गाला जाऊ इच्छिणाऱ्या मुलांच्या पालकांचा प्रश्न बहुधा एकच असतो : "यातून पुढे काय?" पिंपरी-चिंचवडमधील एका कुटुंबाने तो मला विचारला, तेव्हा निर्णयाची घाई होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातील मुलीला महाविद्यालय सोडून, नोकरीची हमी देणाऱ्या एका पूर्णवेळ जपानी अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा होता. चाकणला वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात पर्यवेक्षक असलेल्या वडिलांच्या मते हे निव्वळ 'ॲनिमेचे' (जपानी ॲनिमेशनपटांचे) 'खूळ' होते.

मुलीने कारणे सांगितली ती सगळी नोकरीची : जपानमध्ये मनुष्यबळाची टंचाई आहे, पगार चांगला आहे, व्हिसा मिळतो. ती खोटी नव्हती, पण वर्गाच्या जाहिरातीतून उचललेली होती. "नोकरीचा विषय बाजूला ठेवला, तरी तू शिकशील का?" असे विचारल्यावर तिने थोड्या संकोचाने वही पुढे केली. हिरागाना आणि काताकाना या दोन्ही लिप्यांची प्रत्येकी 46 मूळ अक्षरे तिने स्वतःच गिरवली होती, आणि कांजीशेजारी (चिनी लिपीतून आलेल्या चिन्हांशेजारी) उच्चार छापलेल्या सोप्या मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, ती अडखळत का होईना, वाचत होती. वडील ही वही प्रथमच पाहत होते.

आवड हे कच्चे कारण आहे, असे पालकांना वाटते. माझा अनुभव उलट आहे. जपानमध्ये नित्य वापरासाठी ठरवलेल्या कांजींची अधिकृत यादीच 2,136 चिन्हांची आहे, आणि जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या एन-5 या पहिल्या पायरीवरून एन-3 या मधल्या पायरीकडे जाताना पाठांतराचा भार इतका वाढतो की, केवळ पगाराच्या आशेने आलेले विद्यार्थी तिथेच गळू लागतात. क्रियापद शेवटी येणे किंवा नामामागून प्रत्यय लागणे मराठी माणसाला परके वाटत नाही, त्यामुळे सुरुवात सोपी भासते. या सोपेपणावर वर्ग भरतात, असे माझे थोडे कडवट निरीक्षण आहे.

मात्र आवड पक्की आहे म्हणून पदवी सोडणे योग्य ठरत नाही. जपानमध्ये अभियंता म्हणून काम करण्याच्या व्हिसासाठी साधारणपणे संबंधित पदवी किंवा प्रदीर्घ अनुभव लागतो. म्हणजे जी नोकरी तिच्या मनात होती, तिचा मार्ग पदवी सोडल्याने अरुंद होणार होता. 2019 मध्ये सुरू झालेल्या विशिष्ट कौशल्य व्हिसाला पदवीची अट नाही. तिथे सर्वसाधारणपणे एन-4 पातळीची भाषा आणि कौशल्यचाचणी पुरते. परंतु तो वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम अशा ठरावीक क्षेत्रांसाठी आहे. ती कामे कमी प्रतीची नाहीत, फक्त तिला ती करायची नव्हती, आणि जाहिरातीत हा फरक कुठेच नव्हता. शिवाय जेएलपीटीमध्ये बोलण्याची परीक्षाच नसते. प्रमाणपत्र हाती असूनही मुलाखतीत दोन वाक्ये न सुचणारे उमेदवार मी पाहिले आहेत.

वडिलांचा विरोध सैल झाला तो त्यांच्याच कामातील एका आठवणीने. जपानी अभियंते कारखान्यात येत, तेव्हा दुभाष्याला भाषा उत्तम येई, पण ड्रॉइंग आणि यंत्राचा बिघाड समजत नसल्याने तो वारंवार अडे, असे त्यांनी सांगितले, आणि मग स्वतःच म्हणाले, "दोन्ही जाणणारा माणूस आम्हाला कधी मिळालाच नाही." साधा मजकूर आता यंत्रेही भाषांतरित करू लागली असताना, भाषेला विषयज्ञानाची जोड असणे अधिकच महत्त्वाचे झाले आहे.

हमी देणारा अभ्यासक्रम त्यांनी रद्द केला. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीतील विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागासारखे, नोकरी-शिक्षण सांभाळून शिकण्याचे पर्याय आहेत. त्यांची माहिती घेऊन तिने अर्धवेळ वर्ग निवडला. डिसेंबरमध्ये एन-5 द्यायची आणि पदवी होईपर्यंत एन-3 पर्यंत पोहोचायचे, असे ठरले. अभियांत्रिकीचा विषय राहिला, तर त्या सत्रापुरती जपानीची परीक्षा पुढे ढकलायची, ही अट वडिलांनी घातली आणि तिने मान्य केली. जपानला जायचे की इथल्याच एखाद्या जपानी कंपनीत काम करायचे, हा निर्णय त्यांनी एन-3 नंतरसाठी ठेवला आहे.