१९३७ चा ‘सर्वसाधारण’ मतदारसंघ म्हणजे खुला नव्हे

प्रश्न असा आहे: डॉ. आंबेडकर १९३७ साली मुंबई शहरातल्या ‘भायखळा व परळ, सर्वसाधारण, नागरी’ मतदारसंघातून मुंबई विधानसभेवर निवडून आले, असं वाचनात येतं. म्हणजे ते खुल्या जागेवरून जिंकले का?

नाही. ते अनुसूचित जातींच्या राखीव जागेवरून जिंकले. त्या जागेवर काँग्रेसतर्फे विख्यात क्रिकेटपटू पी. बाळू त्यांच्याविरुद्ध उभे होते.

आज आपण राखीव नसलेल्या मतदारसंघाला सर्वसाधारण म्हणतो. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात मात्र ‘सर्वसाधारण’ ही मतदारांच्या यादीची ओळख होती. मुसलमान, युरोपियन, अँग्लो-इंडियन, भारतीय ख्रिस्ती यांच्या याद्या वेगळ्या. त्यांत न बसणारे बाकीचे सर्वसाधारण. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी ११४ अशा होत्या आणि त्यांतल्याच १५ अनुसूचित जातींसाठी, ७ मराठ्यांसाठी राखीव. म्हणजे राखीव जागा सर्वसाधारण मतदारसंघाच्या पोटातच असे. एका मतदारसंघातून अनेक उमेदवार निवडून जात. मुंबई इलाख्यात तर जितक्या जागा तितकी मतं, आणि ती सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकायची मुभा. विखुरलेल्या, संख्येनं कमी असलेल्या समाजाला या सवलतीचा केवढा आधार असेल!

खरा घोळ ‘मतदारसंघ’ या शब्दात आहे. आज त्यातून आपल्याला भूभाग दिसतो: बारामती, कोथरूड. जुन्या लेखनात मात्र ‘संघ’ अक्षरशः घ्यावा लागतो, मतदारांचा समूह. पुणे कराराच्या चर्चेतले ‘स्वतंत्र मतदारसंघ’ म्हणजे वेगळा तालुका-जिल्हा नव्हे. दलितांचे प्रतिनिधी फक्त दलित मतदारांनी निवडायचे, असा त्याचा अर्थ. सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारानं हे स्वतंत्र मतदारसंघ गेले. सगळ्या प्रांतांत मिळून दलितांच्या राखीव जागा १४८ झाल्या, पण अंतिम निवड सगळ्या सर्वसाधारण मतदारांच्या हाती गेली. हा फरक न कळता करारावर हिरिरीनं लिहिणारे पाहिले की वाईट वाटतं. सगळा वाद मत कुणी द्यायचं याचाच तर होता.

धर्मावर बेतलेल्या या याद्या संविधानाच्या कलम ३२५ नं संपवल्या. एका मतदारसंघात सगळ्यांची एकच यादी, ही तेव्हाची देणगी. त्यामुळे १९३७ बद्दल लिहिताना नुसतं ‘सर्वसाधारण मतदारसंघातून’ लिहू नये. ‘भायखळा व परळ या सर्वसाधारण मतदारसंघातल्या राखीव जागेवरून’ असं पूर्ण लिहावं.