वाचकांचे प्रश्न : नौदलातले आजोबा आणि चैत्रातली तार

प्रश्न : माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नौदलात भरती झाले आणि परत आले नाहीत. घरात त्यांची दोनच चिन्हे उरली आहेत. एक फोटो, ज्यात टोपीच्या पट्टीवर इंग्रजीत नुसते ‘एच.एम.आय.एस.’ असे दिसते आणि बाहीवर पंखांसारखे काही चिन्ह आहे. आणि एक रिकामे पाकीट, ज्याच्या मागे त्यांचा पत्ता ‘एच.एम.आय.एस. तलवार’ असा लिहिला आहे. पाकिटावरचा शिक्का फेब्रुवारी 1944 चा आहे. त्याच वर्षी जोतिबाची चैत्र यात्रा होऊन दहा-एक दिवस झाल्यावर तार आली, असे आजी सांगत असे. ती तार एकादशीला आली, म्हणून पितृपंधरवड्यात त्यांचा म्हाळ आम्ही एकादशीलाच घालतो. जपान्यांनी त्यांची बोट बुडवली असे घरात सगळे मानतात, पण ‘तलवार’ बुडाल्याची नोंद मला कुठेच मिळत नाही. शोध कोठून सुरू करावा? आणि म्हाळाची तिथी चुकत तर नाही ना?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ‘तलवार’ बुडाल्याची नोंद तुम्हाला मिळाली नाही, कारण ती बोट नव्हतीच. एच.एम.आय.एस. (‘हिज मॅजेस्टीज इंडियन शिप’) तलवार हे मुंबईत कुलाब्याला असलेले रॉयल इंडियन नेव्हीचे संदेशवहन प्रशिक्षण केंद्र होते. फेब्रुवारी 1946 मध्ये नाविकांचा उठाव सुरू झाला तो याच केंद्रात. नौदलात जमिनीवरच्या तळांनाही बोटीसारखीच नावे देण्याची रीत असल्यामुळे अनेक कुटुंबे अशा नावाची बोट वर्षानुवर्षे शोधत राहतात. बाहीवरचे पंखांचे चिन्हही याला दुजोरा देते. भिंग घेऊन पाहा. पंखांच्या मधून वीज गेल्यासारखी रेघ दिसली तर तुमचे आजोबा टेलिग्राफिस्ट, म्हणजे बिनतारी संदेश पाठवणारे नाविक होते, आणि अशा नाविकाचा पत्ता ‘तलवार’ असणे अगदी स्वाभाविक आहे. टोपीच्या पट्टीवर बोटीचे नाव नाही, याने गोंधळून जाऊ नका. युद्धकाळात गुप्ततेसाठी पट्टीवर नाव न घालता नुसती आद्याक्षरे ठेवली जात.

आता तुमच्या आजींच्या आठवणीकडे वळू, कारण मला ती या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते. 1944 साली चैत्र पौर्णिमा 8 एप्रिलच्या सुमारास होती, म्हणजे जोतिबाची यात्रा तेव्हाच झाली असणार. त्यानंतरची चैत्र वद्य एकादशी 18 एप्रिलच्या आसपास येते. या दोन तारखांच्या मध्ये, 14 एप्रिल रोजी, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या मालवाहू बोटीचा स्फोट झाला. बर्कनहेडहून निघालेली ही बोट कराचीमार्गे 12 एप्रिलला मुंबईत पोचली होती. तिच्यात सुमारे 1,400 टन स्फोटके होती आणि जोडीला कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी. दुपारी आग दिसली, चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि त्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. त्या गोदीत नौदलाची ‘एल हिंद’ ही सैन्य उतरवणारी बोटही होती, तीही जळून गेली. अग्निशमन दलाचे आणि गोदीतले शेकडो लोक त्या दिवशी गेले. दरवर्षी 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो तो त्यांच्याच स्मरणार्थ.

तुमचे आजोबा तेथेच गेले, असे मी म्हणत नाही. तारखा जुळतात, एवढेच मी म्हणतो. आणि तारखा जुळतात तेव्हा पहिला शोध तिकडे घ्यावा. ‘जपान्यांनी बुडवली’ ही समजूत कशी रुजली असेल, हेही यातून उलगडते. युद्धकाळातल्या सेन्सॉरमुळे या स्फोटाची सविस्तर बातमी मे महिन्यापर्यंत दाबून ठेवण्यात आली होती, तर जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने ती दुसऱ्याच दिवशी सांगितली. अशा वेळी कोल्हापुरात तार घेऊन बसलेल्या घराने काय तर्क केला असेल, याची कल्पना करता येते. तेव्हा घरातल्या कुणाला खोटे पाडण्याची भावना मनात ठेवू नका. त्यांना जेवढे कळले होते, तेवढेच त्यांनी सांभाळून ठेवले.

प्रत्यक्ष शोधाची सुरुवात कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींपासून करा. त्या घरबसल्या पाहता येतात. ज्या भारतीय नाविकांची कबर नाही, त्यांची नावे मुंबई आणि चितगाव येथील 1939-1945 च्या स्मारक-ग्रंथांत आहेत. दोन्ही ग्रंथांत तीच नावे आहेत आणि त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. त्यांतले बहुतेक व्यापारी जहाजांवरचे खलाशी, तर नौदलातले नाविक चारशेहून थोडे अधिक. म्हणून शोधताना रॉयल इंडियन नेव्ही आणि एप्रिल 1944 एवढ्यापुरतेच पाहिले तर यादी हातात मावेल इतकी लहान होते. नाव टाकून शोधण्यापेक्षा ही यादी सरळ वाचून काढणे मला अधिक खात्रीचे वाटते, कारण भरतीच्या वेळी इंग्रजीत लिहिलेल्या मराठी नावांचे हाल विचारू नयेत. आडनाव गळते, वडिलांचे नाव आडनाव होऊन बसते, गावाच्या नावातली अक्षरे उलटीपालटी होतात. नोंदीत बऱ्याचदा ‘अमुक यांचे पुत्र, अमुक गावचे’ असे लिहिलेले असते; तुमच्या पणजोबांचे नाव त्या ओळीत दिसले, तर माणूस सापडला असे समजा.

पणजोबांचे नाव आणि आडनाव त्या काळी कसे लिहिले जात होते याबद्दल घरात एकमत नसेल, तर गावच्या शाळेचे जनरल रजिस्टर आणि तहसील कार्यालयातला जुना गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, पाहून घ्या. तेव्हाच्या नोंदी मोडीत असण्याची शक्यता धरा. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यापूर्वीची संस्थानी कागदपत्रे कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत आणि तेथे मोडी जाणणारा माणूस सोबत असेल तर दोन दिवसांचे काम दोन तासांत होते. मात्र नाविकाची भरती थेट ब्रिटिश हिंदुस्थानच्या नौदलात होत असे. त्याचे सेवापत्रक संस्थानी दप्तरात मिळेल, ही आशा ठेवू नये.

सेवापत्रकासाठी मुंबईत मानखुर्दला नौदलाच्या ब्यूरो ऑफ सेलर्सकडे लेखी अर्ज करावा लागेल. कमिशनच्या नोंदीत सेवा क्रमांक मिळाला, तर तो अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा. त्यासोबत तुमचे नाते दाखवणारी वंशावळ, फोटोची प्रत आणि पाकिटाच्या दोन्ही बाजूंच्या प्रती जोडा. अर्ज कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलात, तर त्याला उत्तर मिळण्याची शक्यता वाढते, असा माझा अनुभव आहे. अर्जात ‘मृत्यू कसा झाला’ असे मोघम विचारू नका. शेवटची नेमणूक कोणत्या बोटीवर किंवा तळावर होती, मृत्यूची नोंदलेली तारीख कोणती, आणि आधी ‘बेपत्ता’ कळवून नंतर मृत्यू गृहीत धरला गेला होता का, असे तीन वेगळे प्रश्न विचारा. तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण देह हाती न आलेल्या माणसाबाबत कागदावर दोन तारखा असू शकतात, आणि एकच तारीख हाती आली तर सगळा हिशेब चुकतो.

नोंदलेली तारीख 14 एप्रिल निघाली नाही, तर गोदीचा विचार सोडून द्या आणि त्या तारखेला त्यांची नेमणूक जेथे होती तेथून पुढे शोध घ्या.

राहिला म्हाळाचा प्रश्न. मृत्यूची खरी तारीख मिळाल्यावर शके 1866 च्या पंचांगातून तिची तिथी काढता येईल, आणि ती एकादशीच्या चार-पाच दिवस आधीची असू शकेल. तिथी बदलायची की नाही हे तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी आणि गुरुजींनी ठरवावे. माझे मत विचाराल, तर मी एकादशी ठेवीन. आजींना ती बातमी एकादशीला कळली आणि इतकी वर्षे त्या घराने त्याच दिवशी त्यांच्या नावाने पान वाढले आहे.