तलावाचे पाणी: तुमचे प्रश्न

सोसायटीचा पोहण्याचा तलाव दीड लाख लिटरचा, उघड्यावर. वर्षभर टीसीसीएच्या (क्लोरीन देणाऱ्या) गोळ्या वापरतो. चाचणीत पाणी छान पिवळे होते, तरी दर आठवड्याला तलाव हिरवा पडतो. गोळ्या वाढवू का? (पुणे)

नको. हिरवेपणा बहुधा गोळ्यांमुळेच येतो आहे. टीसीसीएमधून 10 पीपीएम (लिटरमागे 10 मिलिग्रॅम) क्लोरीन मिळाले की सोबत साधारण 6 पीपीएम सायन्युरिक आम्ल पाण्यात उतरते. क्लोरीन खर्च होते, आम्ल साठत जाते. रोज 2 पीपीएमचा खर्च धरला तर महिन्याला 36 पीपीएमची भर. हे आम्ल क्लोरीनला उन्हापासून वाचवते, म्हणून 30 ते 50 पर्यंत हवेच. पण 100च्या पुढे ते क्लोरीनला इतके धरून ठेवते की शेवाळ मरत नाही.

पिवळ्या रंगाची ऑर्थोटोलिडिन चाचणी एकूण क्लोरीन दाखवते. कामाचे असते ते मुक्त, म्हणजे जंतू मारायला मोकळे असलेले क्लोरीन. त्यासाठी गुलाबी रंगाची डीपीडी चाचणी आणा. मात्र क्लोरीन फारच जास्त असेल तर डीपीडीचा रंग उडतो आणि क्लोरीन शून्य असल्यासारखे वाटते. शंका आली तर नमुन्यात तेवढेच क्लोरीन नसलेले पाणी मिसळून पुन्हा तपासा आणि आकडा दुप्पट करा.

सायन्युरिक आम्ल 120 पीपीएम निघाले तर पाणी बदलणे हाच खात्रीचा मार्ग. टँकरचे पाणी असे सोडून देणे जिवावर येते, पण इलाज नाही. अर्धे पाणी सोडून भरा, मग पुन्हा अर्धे: 120चे 60, 60चे 30. पावसाळ्यात तलाव पूर्ण रिकामा करू नका. भूजलाच्या दाबाने टाकी वर उचलली जाऊ शकते.

मग पीएच 7.2 ला आणा आणि सूर्यास्तानंतर, पंप चालू ठेवून, द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट घाला. 10 टक्क्यांचे द्रावण असेल तर तुमच्या तलावात 1 पीपीएमला दीड लिटर लागते. 12 पीपीएमला 18 लिटर. भिंती घासा, फिल्टर बॅकवॉश करत, म्हणजे उलट्या प्रवाहाने धूत राहा. रात्रभरात क्लोरीन 1 पीपीएमपेक्षा कमी घटले की शेवाळ संपले. कॅन सावलीत ठेवा, एप्रिलच्या उन्हात द्रावण झपाट्याने कमजोर होते.

गोळ्यांच्या फीडरमध्ये ब्लीचिंग पावडर किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइट कधीही टाकू नका, स्फोट होतो. पीएच कमी करायचे आम्ल आणि हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पाण्याला उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात. क्लोरीन जास्त झाले ना?

बहुतेक वेळा उलटेच असते. घाम आणि लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा, म्हणजे क्लोरामाइनचा, तो वास. एकूण क्लोरीनमधून मुक्त क्लोरीन वजा करा, उत्तर 0.4च्या वर गेले तर त्याच्या दहापट मुक्त क्लोरीन द्या. 0.6 असेल तर 6 पीपीएम. मुक्त क्लोरीन 4च्या खाली येईपर्यंत कोणालाही उतरू देऊ नका. पीएच 7.2च्या खाली असला तरी डोळे चुरचुरतात. आणि पोहण्याआधी शॉवर सक्तीचा करा. अर्धी क्लोरामाइन तिथेच टळते म्हटले तरी चालेल.

लोणावळ्याच्या बंगल्यात 1200 लिटरचा जकूझी आहे. दोन पाहुण्यांच्या अंगावर पुरळ आले.

पोहण्याच्या कपड्याखाली, एक-दोन दिवसांत आलेले पुरळ असेल तर स्यूडोमोनास जिवाणूचा संशय घ्या. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडते, आणि जेटच्या तुषारांतून न्यूमोनिया करणारा लेजिओनेला जिवाणू फुफ्फुसांत जाऊ शकतो. म्हणून मुक्त क्लोरीन 3 ते 5, पीएच 7.2 ते 7.6, तापमान जास्तीत जास्त 40 अंश. 10 टक्के हायपो 36 मिली घातले की 3 पीपीएम वाढते. प्रत्येक गटाच्या आधी मोजा.

पाणी कधी बदलायचे? लिटरला 11ने भागा, मग रोजच्या माणसांनी: सहा जण असतील तर 18 दिवस. पुरळ आल्यामुळे आता मात्र लगेच बदला. जिवाणूंचा खरा साठा पाइपांतल्या चिकट थरात असतो. पाणी सोडण्याआधी पाइप साफ करणारे द्रावण घालून जेट चालवा, काडतूस फिल्टरही बदला.

लहान मुलाने तलावात शी केली तर?

सगळ्यांना बाहेर काढा. घट्ट असेल तर जाळीने उचला, व्हॅक्यूमने नव्हे, पीएच 7.5च्या आत ठेवून 2 पीपीएम मुक्त क्लोरीन 25 मिनिटे टिकवा. जुलाब असतील तर क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीसाठी 20 पीपीएम, पावणेतेरा तास. हे सायन्युरिक आम्ल नसताना; ते 15 पीपीएमपर्यंत असेल तर 28 तास. त्याहून जास्त असेल तर आधी पाणी बदलून ते खाली आणा. मग बॅकवॉश करा, ते पाणी तलावात न घेता गटारात सोडा.