मिनियापोलिससारख्या थंड ठिकाणी मिरची-टोमॅटोचे बी घरात केव्हा आणि कसे पेरावे?

अमेरिकेतल्या मिनियापोलिस परिसरात शेवटचे गोठलेले दहिवर (फ्रॉस्ट) बहुधा मे महिन्याच्या पूर्वार्धात पडते, पण माती ऊबदार व्हायला मेअखेर उजाडते. म्हणून वाफ्यात लावणीची तारीख मेअखेरची धरून उलटे मोजत यावे. मिरची व वांगे साधारण 8 ते 10 आठवडे आधी, म्हणजे मार्चच्या उत्तरार्धात पेरावे, आणि टोमॅटो 6 आठवडे आधी. कांद्याचे बी मात्र फेब्रुवारीतच टाकावे लागते, तेही मोठ्या दिवसांत गड्डा धरणाऱ्या वाणांचे. आपल्याकडचे वाण तिथल्या अक्षांशावर गड्डा लहान असतानाच पोसणे थांबवतात.

मिरचीच्या बियाला उजेडापेक्षा ऊब आधी हवी असते. माती 25 ते 30 अंश सेल्सिअस राहिली तर आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो, थंड खिडकीत तेच बी तीन आठवडे तसेच पडून राहते किंवा कुजते. उगवण झाली की उजेडाचे महत्त्व वाढते: हिवाळ्यातल्या खिडकीवर विसंबल्यास रोपे काटकुळी होऊन काचेकडे झुकतात, त्यामुळे साधा पांढरा एलईडी दिवा रोपांच्या शेंड्यापासून वीतभर अंतरावर रोज 14 ते 16 तास लावावा. पाणी ट्रेमध्ये खालून द्यावे, कारण माती वरून सतत ओली राहिली की बुरशीने देठ जमिनीलगत बारीक होऊन रोपे कोलमडतात.

काकडी-दोडक्याची घाई करू नये, तीन-चार आठवडे पुरतात. मेथी आणि पालक एप्रिलमध्ये थेट वाफ्यात पेरावेत. घरातली रोपे लावणीपूर्वी आठवडाभर रोज थोडा अधिक वेळ बाहेर ठेवून काटक करावीत, सुरुवात सावलीतून.